पिंजरा रोज एकदा पूर्ण वाळला पाहिजे

पहाटेची नोंद: तापमान १८ अंश, आर्द्रता ९२ टक्के. दुपारी: २६ अंश, ४४ टक्के. व्हेल्ड किंवा पँथर जातीच्या शॅमेलिऑनसाठी (रंग बदलणाऱ्या सरड्यासाठी) यापेक्षा चांगला दिवस मागू नये. तरीही पहाटेचा आकडा बघून नवीन पाळणारे घाबरतात. ९२ म्हणजे बुरशी लागणारच, असं वाटून रात्रीची फवारणी बंद करतात आणि मग दिवसभर थोडं थोडं पाणी मारत राहतात. बुरशी नेमकी त्यानेच येते. रात्री भिजलेलं पान सकाळी दोन तासांत कोरडं झालं, तर बुरशीला पाय रोवायला वेळच मिळत नाही. दर तासाला शिंतोडे उडाले तर ते कधीच वाळत नाही.

रात्रीची आर्द्रता वाढवायला फार पाणी लागतही नाही. हवा थंड झाली की तिची बाष्प धरून ठेवायची क्षमता घटते. २६ अंशांना ५० टक्के असलेली तीच हवा १८ अंशांवर आली की आकडा आपोआप ८० च्या वर जातो. म्हणून दिवे लागण्याआधी दोन मिनिटं आणि रात्री दिवे गेल्यावर दोन मिनिटं फवारणी पुरते. दिवसा प्यायला एका झाडावर ठिबक, वीसेक मिनिटं, खाली भांडं ठेवून. फॉगर, म्हणजे पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र, फक्त मध्यरात्रीनंतर, तोही तापमान २० च्या खाली उतरत असेल तरच. उबदार, कोंदट, साचलेली हवा शॅमेलिऑनच्या फुफ्फुसांना सोसत नाही.

अर्थात, हे सगळं हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) खरं बोलत असेल तर. ते तपासायचं असं: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब थेंब पाणी घालायचं, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. मीठ विरघळता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत बारा तास ठेवले की आकडा ७५ यायला हवा. ६८ आला तर ७ चा फरक लिहून ठेवायचा. त्याचा प्रोब (मोजणारं टोक) पिंजऱ्याच्या मध्यावर लावायचा, नोझलच्या माऱ्यात नाही.

वाळणं हे हवेच्या वाटेवर ठरतं. वर जाळी आणि खाली झरोका असला की दिव्याने तापलेली हवा वर निघून जाते आणि खालून ताजी ओढली जाते. ओल टिकावी म्हणून जाळीच्या तीन बाजूंना प्लास्टिक लावत असाल तर तळाची चार बोटं पट्टी उघडीच ठेवा, आणि पिंजरा भिंतीला चिकटवू नका.

बुरशीच्या जागा ठरलेल्या असतात: कुंडीतली वरची माती, पिंजऱ्याखालचा ट्रे, साल लावली असेल तर तिची मागची बाजू, खाद्याच्या कपात राहिलेले गाजराचे तुकडे आणि मेलेले रातकिडे. सगळ्यात वाईट म्हणजे फोमची वाकवता येणारी कृत्रिम वेल. वरून कोरडी दिसते, पण बोटाने दाबली की काळपट पाणी येतं. ती धुऊन उपयोग नाही, टाकूनच द्यायची. कापडी पानांचंही तेच. खरा मनीप्लँट किंवा फायकस लावावा.

नव्या फांदीवर कापसासारखी पांढरी बुरशी आली तर ती लाकडातल्या साखरेवर वाढलेली असते. फांदी बाहेर काढून घासायची, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड दहा मिनिटं लावून ठेवायचं, धुऊन कडक उन्हात वाळवायची. ब्लीच वापरायचंच असेल तर एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी, आणि शॅमेलिऑन दुसऱ्या खोलीत. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

माती भरलेल्या बायोअॅक्टिव्ह पिंजऱ्यात (जिथे मातीतले बारीक किडेच सफाई करतात) सुरुवातीच्या आठवड्यांत पांढरी बुरशी येणारच. स्प्रिंगटेल नावाचे बारीक किडे ती खातात, त्यांना त्यांचं काम करू द्यावं. मात्र मातीला कुजक्या अंड्यांचा वास आला तर खाली निचऱ्यासाठी घातलेल्या मातीच्या गोळ्यांच्या थरात पाणी वर चढलंय आणि तिथली हवा संपलीय. नळीने ते पाणी ओढून काढा, फवारणी कमी करा.

फॉगरबाबत मी जरा जास्तच कडक आहे. तो पाण्याबरोबर त्यातले जिवाणूही हवेत उडवतो. आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणीच घालायचं. पाणी उकळल्याने क्षार जात नाहीत. आठवड्याला टाकी रिकामी करून व्हिनेगरने पुसायची, खळखळून धुवायची, पूर्ण वाळवायची. नळी मध्ये झोळ पडून लोंबत असेल तर त्या झोळात पाणी साचतं, आतून बुळबुळीत थर धरतो आणि धुकंही अडतं. नळीचा उतार सलग टाकीकडे हवा.

शॅमेलिऑनने बास्किंग दिव्याखाली (ऊब घ्यायच्या दिव्याखाली) तोंड उघडलं तर तो उष्णता टाकतोय. पण सावलीत, थंड वेळी तोंड उघडं, नाक वर, श्वासाबरोबर टकटक आवाज किंवा नाकपुडीशी बुडबुडे दिसले तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांचा पशुवैद्य गाठा. उलट डोळे खोल गेले आणि विष्ठेतला पांढरा भाग पूर्ण नारिंगी झाला, तर बुरशीच्या भीतीने पाणी फार तोडलं गेलंय. अशा वेळी पहाटेची फवारणी एक मिनिटाने वाढवा, दुपारची नको.