वाघ सिवनीचा, आवाज मुरुडचा

२०१६चा पाडवा आमच्या घरी श्रीखंडापेक्षा मोगलीमुळे लक्षात राहिलाय. 'द जंगल बुक' आपल्याकडे नेमका त्याच दिवशी, ८ एप्रिलला लागला. अमेरिकेच्या एक आठवडा आधी! याचं माझ्या नवऱ्याला इतकं कौतुक, की जणू यानेच तो तार करून मागवून घेतला होता. पुऱ्या खाऊन सगळ्यांचे डोळे जड झालेले, बाहेर नागपूरचं ऊन. पण थेटरात एसी असतो, या एका मुद्द्यावर आईसुद्धा उठली. सणाला भंडाऱ्याहून मामा आलेले होते. पेंचच्या जंगलात वनरक्षक म्हणून उभी हयात काढलेला माणूस. ते निघाले म्हणून हिंदीतला खेळ घेतला.

लहान मुलांच्या या सिनेमाला सेन्सॉरने 'यूए' दिलं होतं. थ्रीडीतले प्राणी अंगावर येतात, मुलं घाबरतील, म्हणून मोठ्यांनी सोबत असावं. आमच्याकडची सोबत अशी झाली: अजगरीण पडद्यावर सरपटत आली तशी आईने चष्मा काढून पदरात धरला, डोळे गच्च मिटले आणि माझ्या सात वर्षांच्या लेकाला दर मिनिटाला विचारत राहिली, "गेली का रे?" तो पॉपकॉर्न खात खात आजीला धीर देत होता. माझं निम्मं लक्ष नंबरच्या चष्म्यावर चढवलेला थ्रीडीचा चष्मा सावरण्यात.

मग शेरखान बोलला आणि अख्ख्या थेटरात एकच कुजबुज उठली, "नाना!" माझ्या वयाची सगळी मंडळी पोरांना घेऊन आली होती ती खरं तर याच क्षणासाठी. नव्वदच्या दशकात रविवारी दूरदर्शनवर जी जपानी मालिका लागायची, तिच्यातल्या शेरखानलाही नाना पाटेकरांचाच आवाज होता. गुलजारांच्या त्या शीर्षकगीताचे सूर आले, की आम्ही अर्धवट अंघोळ सोडून टीव्हीसमोर यायचो. आईने एक डोळा उघडून वाघाकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाघ सिवनीचा अन् आवाज मुरुड-जंजिऱ्याचा!" मोगलीची गोष्ट मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या जंगलातली आणि नाना मूळचे मुरुडचे, म्हणून. पुढच्या रांगेतले दोघं वळून हसले.

सिनेमा कसा वाटला, हे आमच्याकडे रसवंतीवर ठरतं. चरकाची घुंगरं वाजत होती, पाच ग्लास सांगितले होते आणि पाच जणांनी पाच वेगवेगळे सिनेमे पाहिले होते.

नवऱ्याने पुस्तक वाचलेलं. अशा माणसाबरोबर सिनेमाला जाऊ नये. पुस्तकात 'का' नावाचा तो अजगर नर आहे आणि मोगलीचा मित्र आहे, शेरखान जन्माचा लंगडा आहे, असं सगळं मोजून झालं. मग पुस्तकाचा लेखक, रुडयार्ड किपलिंग. मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मला. या गोष्टी मात्र लिहिल्या अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून, आणि सिवनीचं जंगल त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. पण पुस्तकातली नदी आपली वैनगंगाच, असं त्याने सांगितलं आणि आईचा चेहरा एकदम उजळला. वैनगंगा म्हणजे भंडाऱ्याची, म्हणजे तिच्या माहेरची. म्हणजे मोगली माहेरचाच की! लगेच त्याची काळजी सुरू झाली.

"काय रे, एवढा धावते ते पोट्टं," ती म्हणाली, "त्याच्या पायाले काटे कसे नाही रुतत?"

आम्ही हसलो. मामा हसले नाहीत. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"बरोबर बोलते ती. काटेच नाहीत त्या जंगलात. बोरी नाही, बाभूळ नाही, कुसळ नाही. अन् एप्रिलमध्ये एवढं हिरवं? आमचं सागवान आता उघडं पडलं असन. पाचोळा असा, की ससा चालला तरी माणूस चालल्यासारखा आवाज येते."

लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत सगळं केलंय, खरा फक्त तो मुलगा, असं मी सांगितलं. नील सेठीने बाहुल्यांशी आणि रिकाम्या जागेशी बोलत काम केलं होतं. मला या गोष्टीचं भारी अप्रूप होतं, मामांना नव्हतं. त्यांचं खरं दुखणं होतं ते अस्वल. बाळू भुरा, गुबगुबीत, इरफानच्या आवाजात पंजाबी ढंगाने बोलणारा, आणि वर गाणारा!

"अस्वल काळं रायते बाप्पा. छातीवर पांढरा पट्टा. नखं ही एवढी," त्यांनी तर्जनी पूर्ण ताणून दाखवली. "वारूळ उकरून तोंड आत घालते अन् असं ओढते," इथे त्यांनी रसाच्या नळीतून तळाचे थेंब ओढून दाखवले, अगदी तसाच आवाज काढून. रसवंतीवाला चरक थांबवून बघायला लागला. "वाघ तुमाले पाहून बाजूले होते. अस्वल होत नाही. हेच दिवस. मोहफुलं पडली का बाया पहाटे अंधारात वेचाले जातात, अन् तेच्या आधीच ते झाडाखाली बसून असते. गाणं म्हणते? गाणं आपल्याले सुचते, झाडावर चढता चढता."

माझा लेक तोंड उघडं टाकून ऐकत होता. थ्रीडीत त्याने असं एकदाही केलं नव्हतं.

नदी आटून खडक उघडा पडतो आणि सगळे जनावरं शिकार थांबवून पाणी पितात, तो भाग तरी आवडला असेल, असं मी मुद्दाम विचारलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राणी मोजण्याचं काम मामांनी कितीतरी वर्षं केलंय. ते जरा वेळ थांबले. "पाण्यावर तह नसते," म्हणाले. "घाई असते. चितळ चार घोट घेते, मान वर. चार घोट, मान वर." मग स्वतःशीच, "पण दिसते तसंच. चांदण्यात दुरून दिसते तसंच."

जंगल न पाहता एकाने पुस्तक लिहिलं, खोलीत बसून दुसऱ्यांनी सिनेमा केला, त्याला दृश्यपरिणामांचं ऑस्करही मिळालं. ज्याच्या पायात तिथले काटे मोडले, त्याला मत विचारलं ते आम्ही, पाडव्याच्या दुपारी, रस पिता पिता. मी सिनेमाला वाईट म्हणणार नाही. मोगली आपल्या लांडगी आईला सोडून जातो तिथे मी रडले, आणि चष्म्यावर चष्मा असला की डोळे पुसणं किती अवघड, हेही कळलं.

लेकाचं मत त्या दिवशी कोणी विचारलंच नाही. ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. लाल टॉवेल कमरेला गुंडाळून, चपला जिन्यात काढून साहेब गच्चीवर गेले. एप्रिलची गच्ची. तिसऱ्या पावलाला किंकाळी, पाचव्या पावलाला परत घरात, एका पायावर.

आई ओल्या फडक्याने त्याचे तळवे पुसत होती आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मी काल काय म्हटलं होतं?"