रात्रीची खाज कुणाला दिसत नाही

मला लहानपणापासून इसब आहे, अॅटोपिक प्रकारचा. भेटणारा प्रत्येक माणूस डागांबद्दल विचारतो. रात्री झोप लागली का, हे कुणी विचारत नाही. म्हणून आज खाजेवरच लिहिते.

अमळनेरला मे महिन्यात रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. कूलर चालू असतो, तरी पाठीखालची गादी तापते. कोपराच्या आत, गुडघ्यामागे, मानेच्या वळीत घाम साचतो आणि तिथूनच सुरुवात होते. आधी चुरचुर, मग खाज, आणि मग अशी खाज की उठून बसल्यावाचून इलाज नाही. मुलगी जागी होईल म्हणून दिवा लावत नाही. अंधारातच पंचा ओला करून हातापायांना गुंडाळते. हे शेजारी झोपलेले असतात, तेही उठतात. मग आम्ही दोघं नुसते बसून राहतो.

रात्रीच का वाढते, याला कारणं आहेत. संध्याकाळनंतर शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे दाह आवरून धरणारं संप्रेरक, उतरतं, त्वचेचं तापमान वाढतं, त्वचेतून पाणीही जास्त उडतं. दिवसभर कामात गुंतलेलं मन तेव्हा मोकळं असतं, त्यामुळे सगळं लक्ष तिकडेच जातं. अॅलर्जीची नेहमीची गोळी हिस्टामिन हे खाज आणणारं रसायन अडवते. तिने गुंगी येते, पण या इसबाची खाज मुख्यतः हिस्टामिनची नसतेच. इंटरल्यूकिन-३१ सारखे दुसरे निरोपे तिथल्या नसांना डिवचत असतात. खाजवलं की कातडी फाटते, फाटली की दाह वाढतो, दाहाने पुन्हा खाज. आई लहानपणी म्हणायची, "नखं नको लावू वं माय." तिचा जीव तुटायचा, मला कळायचं. पण झोपेत चालणाऱ्या हाताला कोण थांबवणार?

मी एका पतसंस्थेत कॅश काउंटरवर बसते. हात सतत लोकांसमोर. मागे एका बाईंनी नोटा माझ्या हातून न घेता काउंटरवर ठेवायला लावल्या. खूप लागलं मला ते. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. पसरते ती खरूज, ती बारीक किड्यामुळे होते. आमच्याकडे ओलावा आत आणि धूळ-जंतू बाहेर ठेवणारा कातडीचा अडथळाच जन्मतः कमजोर असतो. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष याच्याशी जोडून दाखवले. सगळ्या रुग्णांत ते सापडत नाहीत, पण अनेकांत सापडतात. यात अस्वच्छतेचा काय संबंध?

आखाजीला माहेरी गेले की उपायांचा पाऊस पडतो. कडुनिंबाचा पाला मी प्रेमाने ऐकून घेते. मेडिकलवरच्या ट्यूबला मात्र स्पष्ट नाही म्हणते, आणि इतरांनाही म्हणायला लावते. अशा कित्येक ट्यूबमध्ये तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र घातलेलं असतं. चेहऱ्यावर लावत राहिलं तर कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात. त्वचेच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेलं स्टिरॉइड मलम ही वेगळी गोष्ट. इसब उसळला की तेच मला सोडवतं, त्याला घाबरून ते बंद करू नये. बाकी रोजचं म्हणजे कोमट पाण्याची छोटी अंघोळ आणि अंग ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर. आमच्या बोअरच्या जड पाण्यानंतर तर ते हवंच. नवी इंजेक्शनंही आली आहेत, त्यातलं डुपिलुमॅब २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालं. खाजेवर त्याचा चांगला उपयोग होतो, पण आमच्यासारख्या घरांना किंमत झेपत नाही, आणि याचा मला राग येतो.

हल्ली कालनिर्णयवर दुधाच्या नोंदीखाली मी रोज एक आकडा लिहिते. गेल्या चोवीस तासांतली सर्वांत वाईट खाज ० ते १० मध्ये किती, एवढंच. डॉक्टरही हीच मोजपट्टी वापरतात. हात पाहून "बरंच कमी दिसतंय" असं म्हणणाऱ्या आमच्या डॉक्टरांनी तो कागद पाहिला, खुर्ची पुढे ओढली आणि रात्रींबद्दल विचारायला सुरुवात केली. औषधाचं वेळापत्रकही त्यांनी त्यावरूनच बदललं.

तुमच्या घरात असं लेकरू असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात त्याचे हात दाखवण्याआधी त्याच्या आठवडाभराच्या रात्री सांगा. तुमच्याही सांगा, कारण त्याच्यासोबत तुम्हीही जागेच असता.