कॅटलिना आणि एक जुनी मुलाखत

अॅपलच्या मॅक कॉम्प्युटरची नवी ऑपरेटिंग सिस्टिम, मॅकओएस कॅटलिना, ७ ऑक्टोबर २०१९ ला आली, तेव्हा आमच्या माहितीपटाचं संकलन निम्म्यावर होतं. दोनच दिवसांत दिग्दर्शकांचा फोन आला. त्यांनी आपल्या लॅपटॉपवर ती टाकूनही घेतली होती. साइडकारमुळे आयपॅड दुसरा मॉनिटर म्हणून वापरता येतो, त्यासाठी ते कधीचे थांबले होते. "अगं, काहीही अडचण नाही. सगळं उघडतंय. तूही टाकून घे, म्हणजे दोघांकडे सारखं राहील."

म्हणणं रास्त होतं. एकाच कामावर दोन मशीन असली की आवृत्त्या सारख्या ठेवाव्यात, हे मीच त्यांना सांगत आले होते.

सहायकाने विचारलं, "ताई, लावू डाउनलोडला? दुपारपर्यंत होऊन जाईल."

"इथे नको. आधी वेगळ्या डिस्कवर."

आम्ही चालू सिस्टिमची हुबेहूब प्रत एका रिकाम्या एसएसडीवर घेतली आणि तिच्यावर कॅटलिना चढवली. आमच्या इंटेल मॅकवर मशीन सुरू करताना ऑप्शन बटण दाबून धरलं की कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते निवडता यायचं, त्यामुळे आतल्या मोजावीला, म्हणजे आधीच्या मॅकओएसला, धक्का लागणार नव्हता. फायनल कट या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं काम ज्या लायब्ररीत असतं, तिचीही प्रतच वापरली. नव्या आवृत्तीत लायब्ररी एकदा बदलून घेतली की ती जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि निम्मं झालेलं काम मला असं अडकवायचं नव्हतं. या सगळ्यात अर्धा दिवस गेला. डेडलाइन डोक्यावर असताना तो फार जड गेला.

प्रत होईपर्यंत मोजावीच्या सिस्टिम रिपोर्टमधली 'लेगसी सॉफ्टवेअर' यादी, म्हणजे पुढे न चालणाऱ्या जुन्या प्रोग्रामची यादी, काढली. मोजावी ही जुन्या घडणीचे, ३२-बिट प्रोग्राम चालवणारी शेवटची मॅकओएस; कॅटलिनावर ते चालत नाहीत. यादीत आवाजातली खरखर काढायच्या प्लगइनचा लायसन्स मॅनेजर होता, सबटायटलचं एक जुनं टूल होतं आणि क्विकटाइम ७ होतं. पहिल्या दोघांच्या नव्या आवृत्त्या मिळाल्या. तिसऱ्याकडे मी लक्षच दिलं नाही. तो प्लेअर आम्ही क्वचितच वापरायचो.

कॅटलिनावर टाइमलाइन उघडली. कॅमेऱ्याचं फुटेज एच.२६४ आणि प्रोरेस या आजही चालणाऱ्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये होतं, ते सुरळीत चाललं. आवाज ठीक, रंग ठीक. तिसऱ्या भागात मात्र मुलाखतीच्या जागी नुसती लाल फ्रेम.

ती मुलाखत आमच्या नायिकेच्या गुरूंची होती. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूळ टेपचा पत्ता नव्हता. उरली होती ती ४२ मिनिटांची एक फाइल, सोरेन्सन व्हिडिओ ३ या जुन्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ लहान करून साठवायच्या पद्धतीत, दाबलेली.

फाइल खराब झालेली नव्हती. सोरेन्सनसारखे जुने कोडेक क्विकटाइम ७ च्या ३२-बिट चौकटीवर उभे होते, आणि कॅटलिनात ती चौकटच काढून टाकलेली. व्हीएलसी या दुसऱ्या प्लेअरमध्ये मुलाखत दिसली असती, पण नुसतं दिसून भागत नव्हतं, ती टाइमलाइनवर कापता यायला हवी होती.

मोजावीत परत आलो. तिथे तीच फाइल उघडली आणि प्रोरेस ४२२ मध्ये बदलून घेतली. आकार अनेक पटींनी वाढला, चित्र जसं होतं तसंच राहिलं. मूळ फाइल सेकंदाला १५ फ्रेमची होती, त्यामुळे शेवटाकडे आवाज सरकेल अशी धास्ती होती. मी आणि सहायकाने पूर्ण ४२ मिनिटं बसून पाहिली. अखेरीस गुरू बोलता बोलता थांबतात आणि हलकेच टाळी देतात. टाळी आणि आवाज नेमके जुळले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी दिग्दर्शकांना फोन केला. "सर, तिसरा भाग उघडून बघा." थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. त्यांनी पहिले दोनच भाग पाहिले होते. "आता काय करायचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही कॅटलिनावरच राहा, मी बदललेली फाइल पाठवते. फिल्म हातावेगळी होईपर्यंत मी मात्र मोजावीवरच." मोजावीला सुरक्षा अपडेट मिळत होते, त्यामुळे तेवढे महिने थांबण्यात मला धोका दिसला नाही. ते मिळायचे बंद झाले असते, तर माझं उत्तर वेगळं असतं.

फिल्म सोपवल्यावर मी कॅटलिना टाकली, पण त्याआधी कपाटातल्या सगळ्या जुन्या डिस्क काढल्या. सोरेन्सन आणि सिनेपॅक या तशाच जुन्या कोडेकमधल्या फायली इतक्या निघतील असं वाटलं नव्हतं. काहींतली माणसं आता दुसऱ्या कुठल्याच फुटेजमध्ये नाहीत. सहायक रोज निघताना वीस-पंचवीस फायली रूपांतराला लावून जायचा. सकाळी मी प्रत्येक फाइल शेवटच्या मिनिटाला उघडायचे आणि ओठ आणि आवाज जुळतात का ते पाहायचे.