ई-रीडर आणि मराठी पुस्तके

केवळ वाचनासाठी म्हणून एखादे वेगळे उपकरण, म्हणजे ई-रीडर, विकत घ्यावे का, असे माझ्या परिचयातील वाचनवेडी माणसे अधूनमधून विचारतात. खिशात मोठ्या पडद्याचा मोबाइल असताना आणि पुस्तकांची ॲप त्यावर फुकट उतरवता येत असताना हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. सलग, दीर्घ वाचनासाठी ई-रीडरइतके चांगले उपकरण आजही दुसरे नाही, असे माझे मत आहे. मराठी वाचकाची अडचण उपकरणाची नसून त्यात घालायच्या पुस्तकांची आहे.

ई-रीडरच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विद्युतभारित पांढरे व काळे कण असतात. विजेचा दाब बदलला की हवे ते कण वर येतात आणि पान उमटते. एकदा उमटलेले पान टिकवण्यासाठी वीज लागत नाही, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. हा पडदा कागदाप्रमाणे बाहेरचा उजेड परावर्तित करतो, त्यामुळे भर उन्हातही अक्षर स्पष्ट दिसते. सोनीने 2004 मध्ये जपानमध्ये असे उपकरण बाजारात आणले, आणि नोव्हेंबर 2007 मध्ये 399 डॉलरना आलेल्या किंडल या ॲमेझॉनच्या ई-रीडरचा पहिला साठा काही तासांतच संपला.

याचा खरा लाभ मी आईच्या बाबतीत पाहिला आहे. डोळ्यांच्या तक्रारीमुळे तिचे वाचन जवळजवळ सुटले होते, आणि मोठ्या टायपातली मराठी पुस्तके हुडकूनही फारशी मिळत नाहीत. ई-रीडरवर अक्षर वाढवल्यावर एका ओळीत जेमतेम चार-पाच शब्द मावतात आणि पाने सारखी पुढे सरकवावी लागतात, पण ती आता पुन्हा कादंबऱ्या वाचते. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांना तर पुस्तकांच्या टपालखर्चाचा विचार केला, तरी हे उपकरण परवडते.

बाजारपेठेचा इतिहास मात्र फारसा उत्साहवर्धक नाही. भारतात 2010 मध्ये इन्फिबीम कंपनीचा ‘पाय’ हा ई-रीडर आला आणि मागे पडला. ऑगस्ट 2012 मध्ये किंडल 6,999 रुपयांना आले. फ्लिपकार्टने सुरू केलेली ई-पुस्तकांची विक्री 2015 अखेर गुंडाळली. सोनी 2014 मध्ये या व्यवसायातून बाहेर पडली, आणि चीनसारख्या अवाढव्य देशातले किंडलचे पुस्तकांचे दुकान जून 2023 अखेर बंद झाले. 2025 मध्ये भारतात आलेल्या नव्या पेपरव्हाइट या किंडलची किंमत 16,999 रुपये होती, आणि तेवढ्या पैशांत बरा मोबाइल येतो. त्यामुळे ई-रीडर घरोघरी पोहोचेल असे मला वाटत नाही. भरपूर वाचणाऱ्यांचा एक लहान, पण चिवट वर्ग त्याला धरून राहील.

मराठीत तो वर्गही पुरेसा वाढत नाही, याचे कारण मी पुस्तकांच्या निर्मितीत शोधतो. ॲमेझॉनने डिसेंबर 2016 मध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांतील ई-पुस्तके किंडलवर आणली, तेव्हा मोठी आशा वाटली होती. परंतु आपल्याकडची असंख्य पुस्तके युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व संगणकांवर एकसारखी चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत रूढ होण्याआधीच्या, फाँटमध्ये जुळवलेली आहेत. अशा फाइलीचे रूपांतर करताना ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार हलतो आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. हे दोष हाती घेऊन, पानन् पान तपासूनच काढावे लागतात, आणि ई-आवृत्तीसाठी पुन्हा मुद्रितशोधनाचा खर्च करायला फार थोडे प्रकाशक तयार असतात. मग छपाईचीच पीडीएफ विकली जाते. सहा इंची पडद्यावर तिचे अक्षर मुंगीएवढे दिसते, आणि मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते. पाहिजे तेवढे अक्षर वाढवण्याच्या ज्या सोयीसाठी हे उपकरण घ्यायचे, तीच इथे हातची जाते. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रतींची गतही हीच आहे. त्यांच्यासाठी टॅबलेटच बरा.

मालकीचा प्रश्नही मला गंभीर वाटतो. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण विकत घेतलेली पुस्तके गेली. ॲमेझॉननेही फेब्रुवारी 2025 मध्ये, खरेदी केलेले पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीने किंडलमध्ये घालण्याची सोय काढून टाकली. मराठी ई-पुस्तकेही बऱ्याचदा ज्या त्या विक्रेत्याच्या ॲपमध्येच उघडतात. अँड्रॉइडवर चालणाऱ्या ई-रीडरमध्ये ही ॲप टाकता येतात खरी, पण असा पडदा मोबाइलइतका चपळ नसल्याने त्यावर ती अडखळत चालतात. चाचेगिरीची प्रकाशकांना वाटणारी भीती मला समजते; तरीही कुलूप नसलेली, युनिकोडमधली ईपब (अक्षर वाढवले की ओळी नव्याने जुळवणारे ई-पुस्तकाचे स्वरूप) प्रत जे देतील, त्यांची पुस्तके मी आवर्जून विकत घेईन. ई-पुस्तकांवरचा जीएसटी, छापील आवृत्ती असेल तर, जुलै 2018 मध्ये 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. छापील पुस्तकावर तो मुळीच नाही. हा फरकही नाहीसा व्हायला हवा.

ज्यांचे वाचन प्रामुख्याने इंग्रजी आहे, त्यांनी ई-रीडर निःशंकपणे घ्यावा. मुख्यतः मराठी वाचणाऱ्यांनी आधी आपल्या आवडत्या लेखकांची कोणती पुस्तके ई-स्वरूपात मिळतात याची यादी करावी, त्यांतल्या दोन-तीन पुस्तकांचे नमुन्याचे प्रकरण मोबाइलवर फुकट उतरवून घ्यावे, अक्षर वाढवले की ओळी नव्याने जुळतात का आणि रफार-वेलांट्या जागच्या जागी आहेत का हे पाहावे, आणि मगच उपकरणाच्या किमतीकडे वळावे.