व्हिपलनंतर ड्रेनच्या पिशवीकडे लक्ष असू द्या

मी पोटाच्या सर्जरीच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन, झालेल्या पेशंटचे नातेवाईक रात्री हळूच काउंटरपाशी येतात. "सिस्टर, पुन्हा पोट उघडावं नाही ना लागणार?"

या ऑपरेशनात स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढतात आणि मग तीन ठिकाणी जोड देतात. त्यात स्वादुपिंडाचा जोड सगळ्यात नाजूक. तो गळला की पाचक रस पोटात झिरपतो, पू साठतो, शेजारची रक्तवाहिनी कुरतडली जाते. पुन्हा ऑपरेशन करायची वेळ बरेचदा त्यामुळेच येते.

"गाठ लहान आहे, कॅन्सरही नाही, मग काळजी कशाला?" असं बरेच जण म्हणतात. गळतीचा हिशोब मात्र वेगळा आहे. कॅन्सरमुळे किंवा जुन्या सुजेमुळे स्वादुपिंड बहुधा कडक झालेलं असतं, त्यातली रस वाहणारी नळी फुगलेली असते, टाका धरतो. निरोगी ग्रंथी मऊ. तिला टाके घालणं म्हणजे लोणी शिवणं. नळी 3 मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असली, पेशंट लठ्ठ असला, ऑपरेशनात रक्त बरंच गेलं असलं, की धोका आणखी वाढतो. म्हणून सर्जन बाहेर आले की विचारा: ग्रंथी मऊ होती का, नळी केवढी होती? विचारायचा संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

पोटातला स्राव बाहेर काढायला नळी आणि पिशवी लावतात, तो ड्रेन. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं ॲमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातला पाचक घटक) रक्तातल्या कमाल मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त आलं, तरी पेशंट ठणठणीत असेल तर घाबरू नका. पाणी मळकट-राखाडी दिसलं, ताप चढला, नाडी वाढली, तर मात्र लगेच सांगा. आणि काही दिवसांनी ड्रेनमध्ये थोडंसं रक्त येऊन आपोआप थांबलं, तर "थांबलं ना!" म्हणून सोडून देऊ नका. मोठ्या रक्तस्रावाआधी अनेकदा असंच होतं. वेळेत सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) झाली तर जांघेतून नळी घालून ती रक्तवाहिनी आतूनच बंद करता येते. साठलेला पूही बाहेरून नळी घालून काढता येतो. पोट न उघडता!

नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी 2022 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं. रोज ठरलेल्या खुणा पाहून लवकर सीटी केल्यावर गंभीर रक्तस्राव, अवयव निकामी होणं किंवा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण 14 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आलं.

ड्रेनसकट घरी सोडलं असेल, तर वॉर्डाचा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पिशवीत लाल दिसलं तर ओपीडीची वाट पाहू नका, रात्री दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टीत या.