आरव्ही-७ चं धड जोडताना: कोणता रिव्हेट आत्ता मारायचा नाही

ओरेगॉनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टचा आरव्ही-७ म्हणजे शेजारी-शेजारी दोन सीटचं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, संच विकत घेऊन स्वतः जोडायचं विमान. संच शेपटी, पंख, धड आणि फिनिश अशा चार भागांत येतो. धडापर्यंत पोहोचेस्तोवर हात चांगला बसलेला असतो, आणि तो बसलेला हातच इथे घात करतो. धडात एकाच भोकातून पुढे तिसरा, कधी चौथा पत्रा जाणार असतो. तो यायच्या आत रिव्हेट (पत्रे कायमचे जोडणारी, ठोकून बसवायची धातूची खीळ) मारून भोक बुजवलं की पुन्हा ड्रिल घेऊन बसा. म्हणून मी प्रत्येक बल्कहेड (धडाची आडवी चौकट) हातात घेतला की आधी ड्रॉइंग वाचायचो आणि ‘आत्ता रिव्हेट नाही’ अशा भोकांवर मास्किंग टेप लावायचो. एवढ्या एका सवयीने सगळ्यात जास्त वेळ वाचला.

पत्र्यांवर निळी प्लास्टिकची फिल्म असते. ओरखडे येऊ नयेत म्हणून ती ठेवावीशी वाटते, पण वर्षानुवर्षं तशीच राहिली तर खाली ओल धरते आणि पत्रा गंजतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक कानशीने गोल केलं आणि भोकांच्या रांगांवरून फिरवून फक्त तेवढ्या पट्ट्या काढल्या. टोक धारदार राहिलं तर पत्र्यावर रेघ उमटते, आणि तिथूनच पुढे तडा जाऊ शकतो.

पहिलं मोठं काम म्हणजे एफ-७०४ हा मधला बल्कहेड. पंखांचे स्पार (मुख्य तुळया) याच्या दोन भागांमधल्या फटीत शिरतात, त्यामुळे फट सगळीकडे सारखी हवी. जोडणीभर इथे हार्डवेअरच्या दुकानातले, किंचित बारीक, साधे बोल्ट घातले. संचातले खरे बोल्ट भोकात अगदी घट्ट बसणारे असतात. ते दहा वेळा आत-बाहेर करून भोक सैल करण्यात अर्थ नाही. ते पंख चढवतानाच.

लाँगेरॉनला, म्हणजे धडाच्या लांबीने जाणाऱ्या आधाराच्या पट्टीला, घाई चालत नाही. पाऊण इंच बाजूचा, एक सूत (इंचाचा आठवा भाग) जाडीचा अँगल हाताने वाकवायचा असतो. ड्रॉइंगवरून टेबलावर वक्ररेषा आखली, अँगल वाइसमध्ये धरला, एका हाताने बाजूला ताण दिला आणि जबड्याजवळ नायलॉनच्या हातोडीने एक ठोका. मग इंचभर पुढे सरकवून पुन्हा एक ठोका. दर सात-आठ ठोक्यांनी टेबलावर ठेवून पाहायचं. ठोका जबड्यापासून लांब बसला तर बाक एकाच जागी येतो आणि तिथे पत्रा नीट टेकत नाही. एक बाजू वाकवताना दुसरी बाजू खाली झुकते, म्हणजे अँगल पिळतो. तो पीळ ॲडजस्टेबल पान्याने लगेच काढावा. आणि डावा-उजवा एकमेकांचं प्रतिबिंब असायला हवेत. दोन्ही डावेच करून ठेवणं ही फार सर्रास होणारी चूक आहे, म्हणून काम सुरू करायच्या आधीच एकावर मार्करने ‘डावा, पुढे, वर’ आणि दुसऱ्यावर ‘उजवा, पुढे, वर’ लिहून ठेवलं.

नंतर सगळा सांगाडा घोड्यांवर (स्टँडवर) उलटा ठेवून क्लेकोंनी (भोकात घालायच्या तात्पुरत्या स्प्रिंग-पिनांनी) जोडायचा: पुढे स्टेनलेसची फायरवॉल (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत), मधे ७०४, मागे शेपटीचे बल्कहेड, त्यावर तळाचे आणि बाजूचे पत्रे. चांदीच्या रंगाचे क्लेको पाऊण सुताच्या भोकाला, तांब्याच्या रंगाचे एक सुताच्या. भोकं कारखान्यातूनच पाडलेली येतात, त्यामुळे धड सहसा सरळच बसतं. तरी ओळंबा सोडून आणि डिजिटल लेव्हल लाँगेरॉनवर पुढे-मागे ठेवून पीळ तपासला. रिव्हेट पडले की पीळ कायमचा.

मग ४० नंबर आणि ३० नंबरच्या ड्रिलने भोकं अंतिम मापाला आणायची आणि सगळं पुन्हा सुटं करायचं. प्रत्येक भोकाची बर (कडेला उठलेली धार) काढायची, पण पातं दोन-तीन वेळाच हलके फिरवायचं. जोर लावला तर पातळ पत्र्याच्या भोकाची कड सुरीसारखी होते. फायरवॉलला ड्रिल सावकाश आणि तेल लावून. वेग वाढवला की स्टेनलेस कडक होतं आणि ड्रिलच जळतं.

रिव्हेटची लांबी म्हणजे पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. ०.०३२ आणि ०.०२५ इंचाचे दोन पत्रे, एक सुताचा रिव्हेट: ०.०५७ अधिक ०.१८७, म्हणजे सुमारे पाव इंच, म्हणून एएन ४७० एडी ४-४ या क्रमांकाचा रिव्हेट. ठोकल्यावर मागचं डोकं दीड सूत रुंद आणि अर्धा सूत उंच हवं. गेज जवळ ठेवून सुरुवातीला प्रत्येक रिव्हेट मोजला.

रिव्हेट ठोकणाऱ्या, हवेवर चालणाऱ्या ३एक्स गनला साधारण ४० पीएसआय दाब दिला. बाहेर गन, आत रिव्हेटच्या दांड्यामागे टंगस्टनचा ठोकळा धरणारा, आणि दोघांत तीनच शब्द: ‘तयार’, ‘मार’, ‘थांब’. ‘तयार’ नेहमी आतल्यानेच म्हणायचं. ठोकळा टेकायच्या आत गन चालली तर पत्र्याला खळगा पडतो, आणि तो जात नाही. गन तिरकी झाली की डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटते, ठोकळा तिरका झाला की मागचं डोकं कलंडतं. थोडं कलंडलेलं असेल तर राहू द्यावं, कारण काढताना भोक मोठं होण्याचा धोका जास्त असतो. काढायचाच तर डोक्याच्या बरोबर मध्ये, डोक्याच्या जाडीइतकंच ड्रिल करायचं, पंचने डोकं तोडायचं आणि मग दांडा ठोकून बाहेर काढायचा. पाऊण सुताचं भोक मोठं झालंच तर एनएएस १०९७ हा लहान डोक्याचा एक सुती रिव्हेट कामाला येतो.

तळ आणि बाजू झाल्या की चौघांनी धड उचलून सुलटं केलं. आता ते वरून उघडं, अगदी होडीसारखं दिसतं, आणि पटकन झाकून टाकावंसं वाटतं. टेप इथेही राहू दिला. सीटखालच्या आणि सामानाच्या फळ्या ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या नळ्या, वायरिंगचे पाइप जागेवर बसून तपासून होईपर्यंत नुसत्या क्लेकोंवर. मागचा वरचा पत्रा तर सगळ्यात शेवटी. रडरच्या केबल आणि एलिव्हेटरचा पुशरॉड शेपटीत घालताना हात तिथूनच आत जातो. ईएएच्या (हौशी विमान बांधणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेच्या) टेक्निकल काउन्सेलरलाही त्याआधीच बोलावून घेतलं, कारण शेपटीचे आतले रिव्हेट नंतर टॉर्च घेऊन सरपटतच पाहावे लागतात. तो पत्रा रिव्हेट करायच्या दिवशी बल्कहेडवर भार येऊ नये म्हणून आत प्लायवूडची फळी टाकली. ठोकळा धरणारा त्यावर उताणा झोपला, कानात प्लग, डोळ्यांवर गॉगल, आणि आतून आवाज आला: ‘तयार’.