पाटमोसची गुहा आणि मापाचा बोरू

पिरेयस बंदरातून सुटलेली बोट पाटमोस बेटाच्या स्काला धक्क्याला लागली तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी खोरा गावाकडे चढणाऱ्या दगडी पायवाटेने निघालो आणि निम्म्या चढावरच्या प्रकटीकरणाच्या गुहेपाशी थांबलो. १०८८ साली स्थापन झालेला प्रसिद्ध मठ अजून वर आहे, पण माझे काम गुहेतच होते.

आत छत ठेंगणे आहे. कातळाला तीन फाटे फुटलेली भेग असून ‘प्रकटीकरण’ हा बायबलचा शेवटचा ग्रंथ ज्याच्या दर्शनांचा आहे, त्या योहानाने दिव्य वाणी तिच्यातूनच ऐकली, अशी परंपरा आहे. भिंतीतल्या एका खोबणीला चांदीचे कडे बसवले आहे. उठताना तो तिथे हात टेकत असे म्हणतात. बाकावर बसून मी मराठी पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, प्रकटीकरणाचा अकरावा अध्याय उघडला. योहानाला काठीसारखा बोरू मिळतो आणि मंदिर, वेदी व आतले उपासक मोजण्याची, बाहेरचे अंगण मात्र सोडून देण्याची आज्ञा होते, कारण ते बेचाळीस महिने परराष्ट्रीयांच्या पायांखाली तुडवले जाणार आहे. बोरूसाठी मूळ ग्रीक शब्द ‘कालामोस’. आपले ‘कलम’ही अरबीमार्गे तिथूनच आले.

पण मोजायचे ते कोणते मंदिर? यरुशलेमचे मंदिर रोमनांनी इ. स. ७० मध्ये जाळले आणि दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक आयरेनियस याच्या साक्षीनुसार हे दर्शन रोमन सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षांनी झाले. म्हणून काही भाष्यकार ग्रंथच ७० पूर्वीचा मानतात, तर काही पुढे उभ्या राहणाऱ्या तिसऱ्या मंदिराची वाट पाहतात. मला दोन्ही वाटा आडवळणाच्या वाटतात, कारण नसलेले मंदिर मोजण्याचा पायंडा जुन्या करारातला संदेष्टा यहेज्केल याच्या दर्शनानेच पाडला होता: यरुशलेम पडल्यानंतर चौदाव्या वर्षी, बंदिवासात असताना, त्याने मापकाठी घेतलेल्या पुरुषाला मंदिराचे दालन अन् दालन मोजताना पाहिले. मोजणे म्हणजे इथे राखून ठेवणे, आणि राखायची आहेत ती माणसे. एरवी उपासकांना बोरू लावण्यात काय अर्थ?

एकविसाव्या अध्यायात बोरू सोन्याचा होतो आणि स्वर्गातून उतरणाऱ्या नव्या यरुशलेम नगरीची लांबी, रुंदी व उंची सारखीच, बारा हजार स्टेडिया (अंतराचे ग्रीक माप), भरते. हा घन ओळखीचा आहे: यरुशलेममध्ये शलमोन राजाने बांधलेल्या मंदिराचे परमपवित्रस्थान, म्हणजे सर्वांत आतला गाभारा, हेही वीस हात लांब, तितकेच रुंद आणि तितकेच उंच होते. मुख्य याजकाने वर्षातून एकदाच जायची ती खोली इथे अख्ख्या नगराएवढी झाली आहे.

इतक्यात यात्रेकरूंचा जथा आत आला आणि जागा अपुरी पडू लागली. मी बाक सोडला आणि नगरीत मंदिर दिसले नाही हे सांगणारे बाविसावे वचन बाहेरच्या पायरीवर, उन्हात बसून वाचले.